माहजाँगचा संच घरी घेतला, त्याला सात महिने झाले

तोक्योत निशी-कासाईला राहायला आल्यापासून दोन वर्षं मी माहजाँग, म्हणजे चौघांनी खेळायचा सोंगट्यांचा खेळ, फक्त मोबाइलवर खेळत होते. ऑक्टोबरात खरा संच घेतला. १३६ सोंगट्या, लाल पंज्या, गुणांच्या काड्या, दोन फासे आणि दोन कोऱ्या जादा सोंगट्या. मॅट वेगळी घ्यावी लागली. शनिवारी रात्री आम्ही दोघं आणि शेजारचं नागपूरचं जोडपं, असे चौघं बसतो.

मोबाइलवर सोंगटी आपोआप येते आणि जिंकलात तर बटण चमकतं. इथे हात लांब करून भिंतीतून, म्हणजे पालथ्या रचलेल्या सोंगट्यांच्या रांगेतून, उचलावी लागते. रमीत पान ओढतो तसंच, पण रमीच्या पानाला नक्षीचा स्पर्श नसतो. इथे उचलता उचलता अंगठा सोंगटीच्या पोटावरून फिरतो आणि काय आलंय ते न बघता कळतं. याला मोपाई म्हणतात. कोरी पांढरी सोंगटी पहिल्याच दिवशी ओळखू आली, एका वर्तुळाची आठवड्याभरात. बांबूची सत्ती आणि अठ्ठी अजून चकवतात.

गणित सोपं आहे. भिंतीच्या शेवटच्या १४ राखीव, चौघांना तेरा-तेरा, उरतात ७०. म्हणजे एका डावात माणशी सतरा-अठरा वेळाच उचलायला मिळतं. त्यात हवी ती स्वतः उचललीत तर त्सुमो, आणि पैसे, म्हणजे गुण, तिघंही देतात. दुसऱ्याने टाकलेलीवर जिंकलात तर एकटा तोच भरतो. हात बंद असेल, म्हणजे दुसऱ्याने टाकलेली सोंगटी घेऊन जुळवलेला नसेल, तर त्सुमोचा एक हान (हाताची किंमत मोजायचं एकक) वर मिळतो. डीलर नसताना रीची (बंद हाताला एकच सोंगटी हवी असल्याची घोषणा) आणि पिन्फूचा (तिकड्या सगळ्या क्रमवार असलेला) साधा हात दुसऱ्याच्या सोंगटीवर २००० चा, तोच स्वतः उचलून २७०० चा.

खालच्या मजल्यावरच्या आजी एकदा वर आल्या. मला वाटलं, खडखडाटाची तक्रार असणार (सोंगट्या ढवळताना आवाज होतोच, मॅट असली तरी). पण त्या पैसे, दारू, सिगारेट तिन्ही वर्ज्य असलेल्या माहजाँगच्या वर्गाला जातात आणि त्यांना फक्त बघायचं होतं. नवऱ्याने त्सुमो झाल्यावर सोंगटी टेबलावर दणकन आपटली, तेव्हा त्यांनी मान हलवली. आपटायची नाही, हातात न मिसळता बाजूला शांतपणे सरळ करून ठेवायची, म्हणजे कशावर जिंकलात ते सगळ्यांना दिसतं. आणि आधीच्याने टाकण्यापूर्वी भिंतीला हात लावायचा नाही. आता आमच्याकडे कायदा तोच.

तक्रार एकच, पण मोठी. सोंगटी दोन थरांची असते, पुढे पांढरा आणि मागे पिवळा. आमच्या बांबूच्या एका छक्कीचा सांधा पहिल्या महिन्यात उचकटला. भिंतीत पालथी असली तरी ती कळायची. तीन उचलींनंतर कोणाच्या वाट्याला येणार ते दिसत असेल, तर खेळायचं कशाला? विक्रेत्याने एकटी सोंगटी मिळत नाही म्हणून सांगितलं. शेवटी जादा कोऱ्या सोंगटीवर हिरव्या मार्करने सहा बांबू काढले. चित्र अगदीच बालवाडीतलं, आणि पंधरा दिवसांनी परत गिरवावं लागतं.

मार्च महिन्यातली गोष्ट. मी रीची केलेली, बांबूची तिर्री किंवा छक्की हवी. पण तिर्री मी आधीच टाकून बसलेले, म्हणजे फुरितेन. दुसऱ्याच्या सोंगटीवर जिंकायला बंदी, स्वतः उचलली तरच. नवऱ्याने छक्की टाकली, ती डोळ्यांदेखत गेली. भिंत संपत आली. शेवटची सोंगटी माझ्या वाट्याची. अंगठा फिरवला तर गुळगुळीत. कोरी! चेहरा पडला असणार, कारण समोरची वहिनी हसायला लागली. टाकायची म्हणून सरळ केली, तर हिरव्या मार्करचे सहा बांबू.

रीची, त्सुमो, पिन्फू आणि शेवटच्या सोंगटीचं हाइतेई. डीलर वहिनीच होती, तिचे २६००, बाकी दोघांचे १३००. नवऱ्याने आधी सोंगटी दिव्याखाली धरून बांबू मोजले, मग हजाराची एक आणि शंभराच्या तीन काड्या सरकवल्या.