जुना हॉट टब घ्यावा की नवा?

जुन्या हॉट टबाची, म्हणजे चार-पाच जणांनी बसायच्या गरम पाण्याच्या टबाची, जाहिरात दिसली की आधी किंमत डोळ्यांत भरते. नव्याच्या मानाने ती इतकी कमी असते की बाकीचे प्रश्न मागेच पडतात. माझ्या मते पहिला प्रश्न असा विचारावा: हा टब पाण्याने भरलेला, तापलेला आणि चालू असताना पाहायला मिळेल का? मिळणार असेल तर जुना टब शहाणपणाचा सौदा ठरू शकतो. अंगणाच्या कोपऱ्यात महिनोन्महिने कोरडा पडलेला टब मात्र मी कुणालाही घ्या म्हणणार नाही, विकणारा कितीही सज्जन असला तरी. आत काय झालंय हे बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसतं.

वरून दिसतं ते ॲक्रिलिकचं कवच, आणि त्याची चकाकी वर्षानुवर्षं टिकते. खर्चात पाडणाऱ्या वस्तू बाजूच्या पॅनेलमागे असतात: पंप, हीटर, कंट्रोल बोर्ड आणि पाण्याचे झोत सोडणाऱ्या जेटपर्यंत जाणारं पाइपांचं जाळं. पंपाचं सील गळत असेल किंवा बेअरिंग वाजत असेल तर फार घाबरू नका, तो बदलता येतो. पाइपांच्या जाळ्यातली गळती हा खरा जाच. बऱ्याच टबांत कवच आणि बाहेरची चौकट यांमधली पोकळी फोमने गच्च भरलेली असते. त्याने उष्णता टिकते, पण कुठेतरी सांधा पाझरू लागला की तो शोधायला फोम खरवडत बसावं लागतं. नव्या टबात हे काम वॉरंटीत जातं. जुन्यात ते तुमच्या खिशातून होतं. थंड प्रदेशात तर आणखी एक धोका असतो. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे नीट न उपसलेल्या टबाचे पाइप आणि पंप आतल्या आत तडकतात. कोरड्या टबात ही चीर दिसत नाही.

म्हणून पाहायला जाण्याच्या दोन-तीन दिवस आधीच टब भरून चालू ठेवायला सांगा. गेल्यावर पॅनेल काढायला लावा. खाली ओल आहे का, फोम भिजलाय का, सांध्यांवर क्षारांचे पांढरे ओघळ सुकलेत का, हे पाहा. असे ओघळ म्हणजे जुन्या गळतीची खूण. हीटरच्या टोकांना गंज किंवा वायरींच्या जोडांवर करपल्याचा काळा डाग असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. (पॅनेल उघडण्याआधी वीज मुख्य स्विचवरून बंद करून घ्या.)

मग हीटरची परीक्षा. एक साधा थर्मामीटर बरोबर न्या. टबात 1200 लिटर पाणी आणि हीटर 3 किलोवॅटचा असेल तर 1 अंश सेल्सिअस वाढायला साधारण 28 मिनिटं लागतात. म्हणजे टबाचं तापमान 2-3 अंशांनी वाढवून सेट करा, झाकण लावा आणि तासभर थांबा. पारा दोनेक अंश चढायला हवा. अर्धाच अंश चढला तर हीटर, पाण्याचा प्रवाह किंवा झाकण यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, सेन्सरही चुकीचं दाखवू शकतो.

झाकणाकडे लोक शेवटी बघतात, खरं तर ते आधी उचलून पाहावं. आतल्या फोमने पाणी प्यायलं की ते भलतंच जड होतं आणि उष्णता धरून ठेवत नाही. असं झाकण बदलावंच लागतं, तेव्हा त्याची किंमत सौद्यातून वजा करून मागा. वाहतूकही तुमच्याच माथी येते. चार-पाच जणांचा टब रिकामा असतानाही 300 किलोच्या आसपास भरतो. तो आडवा करून फाटकातून काढायला माणसं लागतात, कधी क्रेन लागते. नव्या टबाच्या किमतीत पोचवणं बहुतेकदा धरलेलं असतं. जुन्यात टब स्वस्त आणि वाहतूक, झाकण, दुरुस्ती मिळून चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला असं सहज होतं.

सुट्या भागांच्या बाबतीत जुना टबही कधी कधी बाजी मारतो. बाल्बोआ किंवा गेको या उत्पादकांच्या कंट्रोल सिस्टिम अनेक कंपन्यांच्या टबांत असतात, त्यामुळे टब बनवणारी कंपनी बंद पडली तरी बोर्ड मिळण्याची शक्यता राहते. कंपनीने स्वतःपुरता बनवलेला बोर्ड असेल तर तो अजून मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. मॉडेल आणि सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो काढलात की चौकशी सोपी जाते. पट्टीच नसेल तर मी सौदा सोडून देईन.

जुन्या टबाबरोबर पाइपांतला जैविक थरही घरी येतो. लेजिओनेला आणि स्यूडोमोनास हे जिवाणू कोमट पाण्यात, अशा थरात तग धरतात. पहिल्याने न्यूमोनिया होऊ शकतो, दुसऱ्याने अंगावर पुरळ उठतं. त्यामुळे पाइप साफ करणारं औषध घालून जेट चालवा, सगळं पाणी उपसा, फिल्टर नवा टाका आणि मगच वापरासाठी भरा. क्लोरीन किमान 3 पीपीएम (लिटरमागे 3 मिलिग्रॅम), पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच 7 ते 7.8 आणि तापमान 40 अंशांच्या आत, हे नव्या टबालाही तितकंच लागू.

बाकी काही खर्च जुन्या-नव्यात सारखेच. टब, पाणी आणि पाच माणसं मिळून भार दोन टनांच्या घरात जातो, म्हणून गच्चीवर बसवायचा तर इंजिनिअरला विचारणं आलंच. स्वतंत्र सर्किट आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर दोन्हीला लागतो. 1200 लिटर पाणी 20 अंशांवरून 38 वर न्यायला सुमारे 25 युनिट वीज जाते. त्यानंतर ते गरम ठेवण्याच्या खर्चात मात्र जुना टब मागे पडू शकतो, विशेषतः फोम भिजलेला आणि झाकण सैल असेल तर.

हाताशी थोडीफार कारागिरी असेल आणि टब चालू स्थितीत तपासता आला तर मी जुना घेईन. प्रत्येक दुरुस्तीला माणूस बोलवावा लागणार असेल, किंवा घरात रोज वापर होणार असेल, तर नवाच बरा. आणि आपण टब खरंच वापरू की नाही याचीच खात्री नसेल, तर आधी हवा भरायचा टब आणून एक हंगाम काढा. तो उष्णता लवकर सोडतो, टिकतोही कमी, पण त्याला क्रेन लागत नाही आणि नको झाला तर घडी करून ठेवता येतो.