ऑस्वल्ड चेंबर्स रोज वाचताना : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

‘माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट’ हे स्कॉटिश ख्रिस्ती उपदेशक ऑस्वल्ड चेंबर्स यांचे नित्य मननाचे पुस्तक मी गेले काही महिने रोज सकाळी वाचत आहे. वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक पान, पानाच्या माथ्यावर पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) एक वचन आणि त्याखाली मोजके परिच्छेद, एवढीच त्याची रचना आहे. वाचायला पाच मिनिटे पुरतात. 1927 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आजही छापले जाते आणि अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यापासून एखाद्या साध्या ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) विश्वासी माणसापर्यंत कितीतरी जणांच्या सकाळी त्याने व्यापल्या आहेत. त्यामुळे पुस्तक चांगले की वाईट, हे ठरवण्याच्या फंदात मी पडत नाही. मला लिहायचे आहे ते या लेखकाचा वाचकावर व्यक्तिशः जो प्रभाव पडतो त्याविषयी, कारण तो प्रभाव मी स्वतःवर आणि आमच्या शास्त्राभ्यासाच्या गटावर पुरेसा पाहिला आहे.

पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट लक्षात येते, ती ही की हा माणूस आपल्याशी बोलतो आहे. बहुतेक मननपर पुस्तके विषयाबद्दल सांगतात. चेंबर्स समोर बसलेल्याला विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत नजर हलवत नाहीत. याचे कारण पुस्तकाच्या जन्मात आहे. रूढ अर्थाने चेंबर्स यांनी हे पुस्तक लिहिलेच नाही. 1911 ते 1915 या काळात लंडनच्या क्लॅपहॅम भागातील बायबल ट्रेनिंग कॉलेजात विद्यार्थ्यांपुढे आणि त्यानंतर पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत कैरोजवळच्या झैतून येथील छावणीत वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतर्फे सैनिकांपुढे ते जे बोलले, ते त्यांच्या पत्नी गर्ट्रूड, म्हणजे सगळ्यांच्या बिडी, लघुलिपीत टिपून घेत असत. नोव्हेंबर 1917 मध्ये आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने चेंबर्स कैरोत वारले तेव्हा ते 43 वर्षांचे होते. गाझाच्या लढाईतील जखमींना खाटा लागतील म्हणून त्यांनी रुग्णालयात जाणे लांबवले होते, असे त्यांचे चरित्र सांगते. पदरी लहान मुलगी असलेल्या बिडी पुढे इंग्लंडला परतल्या, ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थ्यांना घरात भाड्याने ठेवून संसार चालवत राहिल्या आणि त्या वह्यांतून एकेक तारखेचे पान जुळवत गेल्या. पुस्तकाच्या प्रारंभीच्या टिपणाखाली त्यांनी फक्त ‘बी. सी.’ अशी आद्याक्षरे घातली.

ही हकिगत कळल्यावर माझे वाचनच बदलले. ज्याला आपण लेखकाचा प्रभाव म्हणतो, तो येथे दोन माणसांचा आहे: एकाचा आवाज, दुसरीची निवड. मार्च महिन्याची पहिली तीन पाने याची साक्ष देतात. तिन्ही दिवशी वचन एकच आहे, योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायातील 17वे. मरणातून उठलेला प्रभू येशू आपला शिष्य पेत्र याला तिसऱ्यांदा विचारतो की तुझे माझ्यावर प्रेम आहे काय, आणि पेत्र दुःखी होतो. पहिल्या दिवशी तो प्रश्न केवळ ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी प्रभूच्या प्रश्नाने होणारी जखम हाच विषय होतो. तिसऱ्या दिवशी मेंढरांना चारण्याची, म्हणजे प्रभूच्या लोकांची काळजी घेण्याची, आज्ञा येते. सलग वाचून काढली तर ही पाने पाच-सात मिनिटांत संपतात आणि पुनरुक्तीचा कंटाळाही येऊ शकतो. रोज एक याप्रमाणे वाचली, की दोन रात्री तो प्रश्न मनात अनुत्तरित राहतो आणि मगच काम हाती दिले जाते. हा ठेहराव नुसत्या व्याख्यानातून येत नाही, तो मांडणीतून येतो. म्हणूनच, तारखा सोडून चार-चार पाने एकदम वाचणाऱ्यांनी या पुस्तकाविषयी मत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्यावर सर्वांत खोल परिणाम झाला तो कंटाळवाण्या कामाविषयीच्या पानांचा. समोर कोणतेही दर्शन नाही आणि पाहणारे कोणी नाही, अशा वेळी पुढचे पाऊल टाकायला देवाची कृपा लागते, हा विचार चेंबर्स वेगवेगळ्या निमित्ताने पुन्हा पुन्हा मांडतात; शिष्यांचे पाय धुणारा येशू हे त्यांचे आवडते उदाहरण आहे. माझ्याकडे मंडळीच्या हिशेबाची वही आहे. उपासना संपल्यावर सगळे गप्पा मारत बाहेर उभे असताना आत बसून दानपेटीतली नाणी वेगळी करणे, रकमा दोनदा मोजणे, पावत्या तारखेप्रमाणे लावणे, हे काम मी वर्षानुवर्षे काहीशा कुरकुरीनेच करत आलो आहे. काम अजूनही तितकेच कंटाळवाणे आहे, पण ते उरकून ‘खऱ्या’ सेवेकडे वळण्याची घाई मात्र ओसरली. प्रार्थनेबाबतही असेच झाले. प्रार्थना ही मोठ्या कार्याची तयारी नव्हे, प्रार्थना हेच मोठे कार्य, असे ते ठासून सांगतात. त्यामुळे सभेच्या आधी दोन मिनिटे उरकली जाणारी आमच्या गटाची प्रार्थना आता सभेतला मुख्य भाग झाली आहे.

आता तक्रारी. चेंबर्स सांत्वन देत नाहीत, निदान ज्याला आपण सांत्वन म्हणतो ते देत नाहीत. संपूर्ण समर्पण, विनाअट आज्ञापालन, स्वतःवरचा हक्क सोडणे, याच तीन-चार गोष्टींभोवती वर्ष फिरत राहते, आणि ज्याचे मन आधीच दोषभावनेने वाकलेले आहे त्याला प्रत्येक पान आरोपपत्रासारखे भासू शकते. आमच्या गटातील एका भगिनींच्या पतीचे निधन झाले होते; कोणीतरी चांगल्या हेतूने त्यांना हे पुस्तक भेट दिले. काही आठवड्यांनी त्यांनी ते मिटून ठेवले आणि केवळ स्तोत्रे वाचू लागल्या. मला त्यांचा निर्णय पूर्णपणे योग्य वाटला. ज्यांच्यापुढे ही भाषणे झाली ते सेवेसाठी तयार होणारे विद्यार्थी होते किंवा युद्धावर निघालेले तरुण होते. त्यांना उद्देशून काढलेला कठोर शब्द शोकात बुडालेल्या घरात तसाच्या तसा लागू करणे हा दोष लेखकाचा नाही, पण पुस्तक भेट देणाऱ्याने तो विचार करायलाच हवा. दुसरी अडचण अशी की मोठ्या व्याख्यानातून उचललेले उतारे कधी कधी फार तुटक होतात. मधली पायरी गाळल्यासारखी वाटते आणि विधान हवेत राहते.

आवृत्तीबद्दलही थोडे सांगतो. 1992 साली जेम्स रायमन यांनी भाषा सोपी करून नवी इंग्रजी आवृत्ती सिद्ध केली. इंग्रजी वाचनाचा फारसा सराव नसेल तर तीच घ्यावी. मी दोन्ही वापरल्या आणि जुन्या आवृत्तीवर स्थिरावलो, कारण नव्या आवृत्तीत अर्थ लवकर कळतो खरा, पण वाक्ये लांबतात आणि मूळ बोलण्यातला धारदारपणा बोथट होतो.

सर्वांत गंभीर मुद्दा प्रभावाचाच आहे. आमच्या गटात एक काळ असा आला की शास्त्रभाग कोणताही असो, चर्चा ‘चेंबर्स यावर काय म्हणतात’ या वळणावर येऊन थांबत असे, आणि ते काय म्हणतात हे एकदा कळले की पुढे कोणी वचनाकडे पाहत नसे. गंमत अशी की याविरुद्ध सर्वांत कडक इशारा याच पुस्तकात आहे. 24 मार्चच्या पानावर, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या ‘त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा’ या वचनावर बोलताना, चेंबर्स म्हणतात की तुम्ही एखाद्या जिवाची गरज बनलात तर देवाच्या इच्छेबाहेर गेलात. अन्यत्र ते बजावतात की स्वतःच्या अनुभवाचे तत्त्व बनवू नका. देव जसा तुमच्याशी वागला तसाच तो इतरांशी वागेल असे धरून चालू नका. म्हणजे ज्या लेखकाला वाचक गुरुस्थानी बसवू पाहतात, तो स्वतःच त्या आसनावरून उठून वाचकाला प्रभूकडे पाठवतो. अनेक भक्तिपर लेखक नम्रतेच्या गोष्टी सांगत सांगत वाचकाला आपल्याशीच बांधून ठेवतात. चेंबर्स यांच्या बाबतीत मला तसे आढळले नाही. बांधून घेण्याची हौस वाचकांचीच असते.

म्हणून मी वाचनाचा क्रम उलटा केला आहे. ज्या अध्यायातले वचन पानावर असेल तो अख्खा अध्याय आधी वाचायचा, त्यावर स्वतः विचार करायचा आणि मग चेंबर्स उघडायचे. गटातही हाच नियम लावला, आणि चर्चा पुन्हा शास्त्रभागावर आली. इतकेच नव्हे, तर आता एखादा सदस्य चेंबर्स यांच्याशी उघड मतभेदही नोंदवतो, जे पूर्वी अशक्य वाटत असे. कधी कधी अध्यायातच सगळा वेळ जातो आणि त्या दिवसाचे पान वाचायचे राहून जाते. चेंबर्स यांना हे चालले असते, याबद्दल मला शंका नाही. बिडींना चालले असते की नाही, हे मात्र खात्रीने सांगवत नाही. पाने जुळवण्याचे कष्ट त्यांचे होते.