जेलचं मुंगीघर: लहान मुलांसाठी घ्यावं का?

निळ्या जेलचं मुंगीघर हल्ली वाढदिवसाला बरंच दिलं जातं. माझ्या धाकट्या बहिणीने ते ऑनलाइन मागवून माझ्या नातीला, सईला दिलं. सई दुसरीत आहे. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे खोकं उघडल्यापासून तिच्याइतकाच माझाही जीव त्यात अडकला. वापरल्यानंतरचं माझं मत स्पष्ट आहे. सोबत येणारं भिंग उत्तम, जेल ठीक, पण खोक्यावर छापलेलं ‘मुंग्यांचं संपूर्ण जग’ मात्र आत नाही.

चपटी पारदर्शक टाकी, जेल, भोकं पाडायची काडी आणि भिंग एवढंच सामान येतं. मुंग्या आपण पकडायच्या. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो, सोसायटीतल्या गुलमोहराच्या बुंध्याशी काळे मुंगळे भरपूर आहेत. कागदाला गुळाचं पाणी लावून ठेवलं की ते आपणहून चढतात. सगळे एकाच वारुळातले घ्या. वासावरून त्यांना आपलं-परकं कळतं, आणि दोन वारुळांतले एकत्र आले की ते एकमेकांचे पाय तोडतात. बारीक लाल मुंग्या तर घेऊच नका, हवेच्या भोकांतून बाहेर येतात आणि मुलांना चावतात.

बोगदे छान दिसतात, हे कबूल करायला हवं. मोजकेच मुंगळे खोदत होते, बाकीचे कोपऱ्यात गोळा होऊन बसले होते. जबड्यात जेलचा कण धरून वर आणायचा, कडेला ठेवायचा, पुन्हा खाली जायचं. वाटेत दुसरा भेटला की थांबून मिशांना मिशा लावायच्या. सई हे सगळं वहीत काढत होती.

पण मग तिने विचारलं, “आजी, यांची आई कुठाय?”

खरी उणीव हीच. पकडलेल्या सगळ्या कामकरी मुंग्या असतात, राणी वारुळातच राहते. राणी नाही म्हणजे अंडी नाहीत, अळ्या नाहीत, कोष नाहीत. आणि मुंग्यांचं निम्मं जगणं पिल्लांभोवती फिरतं. मुंगीची कंबर इतकी बारीक असते की पूर्ण वाढलेली मुंगी घट्ट अन्न गिळू शकत नाही, ती पातळच पिते. मेलेल्या किड्याचा तुकडा ओढत नेतात तो मुख्यतः अळ्यांसाठी. शिवाय मुंगीला दोन पोटं असतात. एक स्वतःचं, दुसरं साठवणीचं, त्यातला थेंब ती तोंडाने दुसरीला भरवते. जेलमध्ये अन्न-पाणी आधीच मिसळलेलं, त्यामुळे आणणं, वाटणं, भरवणं यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. खोक्यावरच्या माहितीत राणीच नसल्याचा उल्लेखही नाही. मुलांसाठीच्या वस्तूत हे मला खटकलं. त्यात ठाण्याची दमट हवा, जेलवर लवकरच बुरशी आली.

भिंगाचं मात्र सोनं झालं. कंपाउंडमधल्या जास्वंदीवर पांढरे पिठ्या ढेकूण होते, त्यांच्याभोवती मुंगळ्यांचा राबता. मुंगळा मिशांनी ढेकणाला थोपटतो, ढेकूण गोड थेंब सोडतो, मुंगळा पितो. मोबदल्यात ढेकणांना खायला येणाऱ्या किड्यांना तो हुसकावतो. सईने माळीदादांना हात धरून आणून हे दाखवलं. जिन्याजवळच्या मुंग्यांच्या रांगेवरून आम्ही ओलं बोट फिरवलं, तर रांग तिथेच तुटली. वासाची वाट पुसल्यामुळे मुंग्या दोन्ही बाजूंना घुटमळत राहिल्या, मग एकीने पलीकडे वाट काढली. उपवनवरून येऊरला चढताना आंब्यावर हुमल्यांची, म्हणजे झाडावर राहणाऱ्या तांबड्या मुंग्यांची, पानांची घरटी दिसतात. ते पानं ओढून धरतात आणि आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं शिवतात. हे लांबूनच पाहा, हुमले फार कडकडून चावतात.

राणी आम्हाला पावसाळ्याच्या तोंडाशी भेटली. पहिल्या सरींनंतर जिन्यातल्या दिव्याखाली पंखवाले किडे पडतात, त्यात बहुतेक वाळवी असते. वाळवीचे चारही पंख सारखे आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या. पंख गळलेली एक थोराड मुंगळ्यांची राणी सापडली. परीक्षानळीत थोडं पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाशी पुन्हा बोळा आणि बाहेरून लाल जिलेटीन कागद, कारण मुंग्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही. ती काही खात नाही, पंखांचे स्नायू विरघळवून त्यावरच पहिली पिल्लं वाढवते. अंडी, अळ्या, कोष असं सगळं दिसलं आणि दीड-दोन महिन्यांनी पहिली इवलीशी कामकरी मुंगी बाहेर आली. सईने शाळेतल्या बाईंना सांगितलं की कामकरी मुंग्या सगळ्या मुलीच असतात. नळी फार हलवू नका, त्रास झाला तर राणी स्वतःची अंडी खाते.

तेव्हा पैसे घालायचेच असतील तर चांगलं भिंग आणि परीक्षानळी घ्या, दोन्ही मिळून जेलच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडतात. खोकं भेट म्हणून आलंच असेल तर बोगदे होईपर्यंत ठेवा आणि बुरशीची वाट न पाहता मुंगळे परत न्या. जिथून आणले त्याच वारुळाशी सोडा, परक्या वारुळापाशी सोडले तर ते जगत नाहीत.