नातवंडांसाठी गोधडी: हातटाक्याची की मशीनवरची?

घरात बाळ येणार असलं किंवा मोठं नातवंड हॉस्टेलला निघालं, की कपाटातल्या जुन्या साड्यांकडे नजर जाते. त्यांची गोधडी करायची हे सगळ्यांना मान्य असतं. कशी करायची, यावर घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, साड्यांचे थर अंथरून हाताने धावदोरा घालावा, पूर्वीच्या बायका घालायच्या तसा. दुसरा म्हणतो, वर नवं सुती कापड, मध्ये वॅडिंग म्हणजे उबेसाठीचा फुगीर भरणीचा थर, खाली अस्तर घ्यावं आणि मशीनवर शिवून मोकळं व्हावं. मी दोन्ही प्रकार केले आहेत. नातीसाठी केली, भाच्यासाठी केली, एक व्याह्यांकडेही गेली. निवृत्तीनंतर सुई हातात धरणाऱ्या माणसाची चेष्टा होते, ती धरूनच चालावी. गोधडी कोणासाठी आणि ती व्यक्ती राहते कुठे, हे कळल्याशिवाय मी कोणाला ठाम सल्ला देत नाही. माझा कल मात्र लपेल असं वाटत नाही.

कापडापासूनच दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. हाताच्या गोधडीला वापरून मऊ झालेली सुती साडी लागते, आणि ती कपाटात वाटते तेवढी सापडत नाही. आमच्या पिढीच्या आयांच्या कपाटात नायलॉन, जॉर्जेट आणि टेरिकॉट भरपूर. हाताला सगळंच मऊ लागतं, म्हणून कडेचे दोन दोरे ओढून काडीने पेटवून बघावेत. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. कृत्रिम दोरा आक्रसतो आणि टोकाला टणक गोळी उरते. गोळी उरणारी साडी आठवणीची असली तर तिचा तुकडा वर ठिगळ म्हणून लावा, पण थरात घालू नका. ती घसरते आणि अंगाला गरम होते. जरीचा काठ कापून बाजूला ठेवावा, लहान मुलाच्या गालाला तो टोचतो. गडद लाल किंवा काळी साडी असेल तर ओला पांढरा रुमाल तिच्यावर जोरात घासून बघा. रुमाल रंगला, तर पहिल्याच धुण्यात शेजारचं फिकट ठिगळही रंगेल. मशीनवरच्या गोधडीत ही छाननी फारशी नाही. बाजारातून कापड आणायचं, एकदा धुऊन आटवून घ्यायचं, की झालं. ज्यांच्याकडे जुन्या साड्या उरल्याच नाहीत त्यांना हे सोयीचं, हे कबूल.

मापाचं गणित साडीच्या बाजूने आहे. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पंचेचाळीस इंच रुंद असते. तिचे लांबीत चार सारखे भाग केले की प्रत्येक भाग साधारण चोपन्न बाय पंचेचाळीस इंचांचा निघतो. म्हणजे एका साडीत लहान मुलाची चार थरांची गोधडी होते आणि चिंधीही वाया जात नाही. मोठ्या माणसाला मात्र दोन पन्हे जोडावे लागतात आणि एका थरालाच जवळजवळ एक साडी जाते. कॉलेजात गेलेल्या नातवाला एकट्या आजीच्या साड्यांची पूर्ण मापाची गोधडी हवी असेल, तर साड्या आधी मोजा आणि मग शब्द द्या.

आता नावाचं. हल्ली गोधडीवर मुलाचं नाव हवंच असतं. देवनागरीत एक सोय आहे, ती करायला बसेपर्यंत लक्षात येत नाही: शिरोरेखेची एक सरळ पट्टी आधी शिवून टाकली की अक्षरं तिलाच लटकतात, ओळ वाकडी होत नाही. मशीनवर कापडी अक्षरं झिगझॅगने लावता येतात, दिसतातही ठसठशीत. पण वेलांट्या आणि उकार वळवताना कापड सारखं फिरवावं लागतं, आणि आजकालची नावं जोडाक्षरांशिवाय ठेवायची नाहीत असा जणू ठरावच झालेला आहे. हाताने साखळी टाका घातला तर कोणतंही नाव निघतं, पेन्सिलीने काढलेल्या रेषेवरून जायचं एवढंच. फोटो छापलेल्या तयार गोधड्याही मिळतात. तो छापण्याचा स्वस्त प्रकार पॉलिएस्टरवरच नीट उठतो, त्यामुळे फोटो सुंदर येतो आणि पांघरणाऱ्याला घाम फुटतो. भिंतीवर लावायला हरकत नाही.

ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, ती आहे मागच्या बाजूच्या चुण्या.

घरच्या साध्या शिलाई मशीनवर ज्यांनी तीन-चार थर एकत्र शिवले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. मशीनचे खालचे दाते तळाचं कापड ओढून पुढे नेतात. वरचा फूट वरचं कापड दाबून धरतो. मधले थर कोणाचंच ऐकत नाहीत. एका रेषेत हे जाणवत नाही, चार रेषांनंतर वरचं कापड थोडं मागे राहिलेलं असतं. मग आडव्या रेषा उभ्या रेषांना छेदायला लागल्या की प्रत्येक चौकोनात थोडं जास्तीचं कापड अडकतं आणि त्याची चुणी पडते. बरं, ती पडते खाली, जिथे नजर जात नाही. वर नाव झोकात आलेलं असतं, ठिगळं कोनात बसलेली असतात, आपण खुशीत गोधडी उलटतो, आणि मागे अस्तर जागोजाग मुडपून त्याच्यावरूनच शिलाई गेलेली.

उसवायचं म्हटलं तर मशीनचा टाका बारीक आणि दोन दोऱ्यांचा, वरून एक आणि बॉबीनचा एक. नव्या कापडावर उसवण्याच्या खुणा एका धुण्यात जातात. जुन्या साडीवर टाक्यांच्या जागी भोकांची ओळ उरते, आणि कापड आधीच विरलेलं असेल तर तिथेच फाटतं. ज्या साडीसाठी एवढा खटाटोप, तिचीच चाळण. यात गोधडीचा गठ्ठा मशीनच्या मानेखालून सरकवण्याची कसरत आणखी. घरगुती मशीनला तिथे वीतभरही जागा नसते. लहान मुलाची गोधडी गुंडाळी करून कशीबशी बसते, मोठ्याची मध्यावर आली की एका हाताने गुंडाळी धरा, दुसऱ्याने कापड ताणा आणि रेषा सरळ राहील अशी आशा करा.

उपाय आहेत, नाहीत असं नाही. वॉकिंग फूट नावाचा जोड मिळतो, तो वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे नेतो. तो आपल्या मशीनला बसतो का, हे घेण्याआधी विचारावं. सगळे थर कच्च्या टाक्यांनी किंवा सेफ्टी पिनांनी हातभर नव्हे, चार बोटांच्या अंतरावर बांधून घ्यावेत. टाका मोठा ठेवावा, रेषा सगळ्या एकाच दिशेने माराव्यात आणि चौकटीचा मोह टाळावा. एवढं केल्यावर माझ्या चुण्या कमी झाल्या. गेल्या नाहीत. ज्यांचा हात मशीनवर बसलेला आहे त्यांना कदाचित हा त्रास होतही नसेल.

हाताने शिवताना ही भानगड उद्भवतच नाही, कारण डावा हात सतत कापडाखाली असतो. सुई वर येते तेव्हा खालचा थर बोटांना कळतो, सुरकुतला असेल तर तिथल्या तिथे सरळ होतो. जमिनीवर साडीचे थर ताणून अंथरायचे, कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, मधून बाहेर कच्चा टाका घालून घ्यायचा. मग कडेपासून आत, चौकटीत चौकट असा धावदोरा. दोन ओळींत बोटभर अंतर पुरे. दोरा जाड सुती घ्यावा, मशीनचा रिळाचा दोरा हाताच्या गोधडीत लवकर तुटतो. अंगुस्तान घालायची सवय लावून घ्या, नाहीतर मधल्या बोटाची कातडी जाते. वेळ लागतो, यात वाद नाही. रोज थोडं बसलं तरी लहान मुलाची गोधडी महिनाभर सहज खाते. बारसं पुढच्या आठवड्यात असेल तर मशीनच बरं, किंवा गोधड्या शिवून देणाऱ्या बायका तुमच्या भागात असतील तर साड्या त्यांच्याकडे द्या. मजुरी आकारावर आणि टाके किती दाट यावर ठरते. नाव कुठे यायला हवं, ते कागदावर काढूनच द्या.

पांघरल्यावर काय वाटतं, याचं मोजमाप माझ्याकडे नाही. आमची नात दोन्ही पांघरते. मशीनची गोधडी दाट शिलाईमुळे थोडी ताठ राहते आणि झोपेत कुशीवर वळलं की सरकून खाली जाते. हातटाक्याची अंगाला धरून राहते, असं मला दिसलं आहे. पुण्यासारख्या ठिकाणी पंखा चालू असताना चार सुती थर पुरतात. नाशिककडच्या थंडीत, किंवा बर्फ पडतो अशा देशात राहणाऱ्या मुलांना वॅडिंगची ऊब लागेल. धुण्यातही मशीनची वरचढ आहे. पॉलिएस्टरचं वॅडिंग पाणी पटकन सोडतं. हातटाक्याची गोधडी भिजली की पिळताना दोन माणसं लागतात, आणि पावसाळ्यात ती वाळेपर्यंत घरभर दमट वास. म्हणून ती गणपतीआधी धुवायला काढूच नये.

टिकण्याचा हिशेब उलटा आहे. साड्या आधीच वापरलेल्या, त्यामुळे हातटाक्याची गोधडी मशीनच्या आधी विरते. पण विरली की तिच्यावर नवी साडी घालून पुन्हा धावदोरा मारता येतो, तशा गोधड्या गावाकडे वर्षानुवर्षं जाड होत जातात. मशीनच्या गोधडीत आतलं वॅडिंग एका कोपऱ्यात गोळा झालं, तर उघडून सारखं करणं मला तरी जमलेलं नाही.

दोन गोष्टी दोन्हींना लागू. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना पाळण्यात सुटी गोधडी पांघरू नये, बालरोगतज्ज्ञांचं तसं सांगणं असतं. नाकातोंडावर आली तर त्याला बाजूला करता येत नाही. तोवर ती जमिनीवर अंथरून त्यावर खेळवावं, समोर कोणीतरी असताना. टिकल्या, आरसे, बटणं तर नकोतच. दुसरं, जुनी मऊ साडी बाळाला वापरायची आपल्याकडे रीतच आहे, पण गेलेल्या माणसाची साडी नवजात बाळाला चालत नाही असं मानणारी घरंही आहेत. कात्री लावण्याआधी सूनबाईंना आणि तिच्या आईला विचारलेलं बरं.

तेव्हा कोणती? मुलगी परदेशात असेल, कपडे वॉशिंग मशीन आणि ड्रायरमध्येच जात असतील, तर मशीनवरची द्या, ती तिथला मार सोसेल. इथल्या इथे द्यायची असेल, हाताशी सुती साडी असेल आणि घाई नसेल, तर मी हातटाक्याकडे झुकतो. मधला मार्गही आहे आणि अलीकडे मी तोच धरतो. कडेची मगजी मशीनवर मारायची, कारण ओढाताण तिथे सर्वात जास्त होते. आतला धावदोरा हाताने. नाव आणि सालाचा साखळी टाका मागच्या थराला लागण्याआधी, सुट्या वरच्या कापडावरच घालून घ्यायचा, म्हणजे त्याच्या गाठी आत जातात आणि मुलाच्या नखात अडकत नाहीत.