लघवीतून प्रथिन जातंय: 'अ' जीवनसत्त्वाची कॅप्सूल घ्यावी की डॉक्टरांची गोळी?

माझ्या मामांनी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तीस वर्षं टेरी टॉवेलचा माग चालवला. शुगर बारा वर्षांची. परवा लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे प्रथिन किती गळतंय याचं माप, १८० आलं. ते ३०च्या आत हवं. घरी गेलो तर गोळ्यांच्या डब्यात 'अ' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलची नवी बाटली. "अरे, यानं किडनी सुधारते असं मोबाइलवर आलंय."

मोबाइलवरचं सगळंच खोटं नव्हतं. 'अ' जीवनसत्त्वापासून शरीरात रेटिनॉइक आम्ल बनतं. किडनीच्या गाळणीवर पोडोसाइट नावाच्या पेशी बोटांत बोटं गुंफल्यासारख्या बसलेल्या असतात. शुगरनं त्या झडतात आणि प्रथिन गळू लागतं. उंदरांवरच्या प्रयोगांत या आम्लानं त्या पेशी तगल्या, प्रथिनाची गळती घटली. यातून माणसासाठी औषध निघावं असं मलाही मनापासून वाटतं. पण मधुमेही किडनीसाठी मान्यता मिळालेलं, या आम्लाचं औषध आज एकही नाही. हेच आम्ल ट्रेटिनॉइन नावानं एका रक्तकर्करोगात देतात, तेही डोळ्यांत तेल घालून. गर्भाला तर ते घातकच.

बाटलीतली कॅप्सूल म्हणजे तर ते औषधही नव्हे. उलट किडनी मंदावली की 'अ' जीवनसत्त्व रक्तात आधीच साचत जातं. त्यात वरून भर घातली तर यकृताला आणि हाडांना त्रास. म्हणून डायलिसिसवरच्या रुग्णांना हे जीवनसत्त्व सहसा वेगळं देत नाहीत. ताटातल्या गाजराचं भय नको. त्यातलं कॅरोटीन शरीर गरजेपुरतंच बदलून घेतं.

दुसऱ्या पारड्यात माणसांवर पारखलेली औषधं. लोसार्टनसारखी बीपीची गोळी किडनीचं नुकसान लांबवते, हे २००१ मध्येच दिसलं. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीनं किडनी निकामी होणं, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी मंदावल्याची खूण) दुप्पट होणं आणि किडनी वा हृदयविकारानं मृत्यू यांचा एकत्रित धोका ३० टक्क्यांनी कमी केला. त्याच कुळातल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे संपलं आहे, त्यामुळे ते आता खिशाला परवडतं. फिनेरेनोनही आहे, पण त्यावर पोटॅशियम तपासत राहावं लागतं.

यांनाही खोड आहेच. 'ग्लिफ्लोझिन' कुळातली गोळी लघवी वाढवते आणि आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो. मागाच्या शेडमध्ये तर अंगातलं पाणी नुसतं निथळतं. उलट्या-जुलाब लागले किंवा कडक उपवास असला, तर ती गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. गुप्तांगाला खाज सुटली तर लाजू नका, सांगा. सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढतं. तेवढ्यानं घाबरून परस्पर गोळी सोडू नका.

माझा कौल मामांना सांगितला: कॅप्सूल बंद, डॉक्टरांच्या गोळ्या चालू. डबा आवरताना तळाशी डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी सापडली. उभं राहून पाय दुखतात म्हणून ते गुपचूप घेत होते, आणि तीही किडनीला मारकच. बाटली आणि पट्टी दोन्ही पिशवीत घातली आहेत. सोमवारी डॉक्टरांपुढे ठेवणार.