फटाक्यांचा धंदा: मैदानात स्टॉल घ्यायचा की कायमचं दुकान टाकायचं?

गणपती गेले की दोन-तीन जण तरी विचारतातच, यंदा फटाके विकायचेत, मैदानावर स्टॉल घेऊ का सरळ घराखालच्या दुकानाचाच परवाना काढू. मी मैदानावर तीन सीझन काढलेत आणि दुकानाच्या परवान्यासाठी चपला पण झिजवल्यात, म्हणून सांगतो.

आधी दुकान, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. आपल्याकडे खाली दुकान वर बिऱ्हाड ही पद्धत, आणि एक्स्प्लोझिव्हज रूल्स २००८ मध्ये, म्हणजे स्फोटकांच्या नियमांत, नेमकं तेच चालत नाही. वर कोणी राहत असेल तर दुकान नाही, बेसमेंट नाही, पोटमाळा नाही, जिन्याखाली किंवा लिफ्टला लागून पण नाही. तळमजला पाहिजे, बांधकाम विटा-दगड-काँक्रीटचं, जागा ९ ते २५ चौरस मीटर, येण्याजाण्याचा दरवाजा स्वतंत्र आणि अडीअडचणीला बाहेर पडायला आणखी एक, दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणारे. आता तुमच्या बाजारपेठेत असा गाळा किती जणांकडे आहे ते तुम्हीच मोजा. त्यात डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, ती जागा कुठल्या झोनला पडते ते बघायचं, अग्निशमन दलाची एनओसी आणायची, सोसायटी असेल तर विषयच संपला. पण एकदा झालं की बरं पडतं, लग्नसराई, निवडणुकीचे निकाल, क्रिकेट, बारा महिने गिऱ्हाईक येतं आणि दरवर्षी मैदानावरच्या स्टॉलसाठी पळापळ नाही.

स्टॉलचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडून, तोही सणापुरताच. शेड न जळणाऱ्या मटेरियलचं हवं म्हणजे पत्र्याचं, कापडी मंडप आणि झिरमिळ्या लावून सजवलेले स्टॉल दिसतात ते नियमात बसत नाहीत. दोन स्टॉलमध्ये निदान ३ मीटर, घरं-शाळा-दवाखाने ५० मीटर लांब, तोंडं समोरासमोर नकोत, एका ठिकाणी ५० च्या वर स्टॉल नकोत. दिवे भिंतीला किंवा छताला पक्के बसवलेले, लटकत्या वायरचा बल्ब चालत नाही. २०१६ च्या दिवाळीत औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावर रांगाच्या रांगा पेटल्या ते आठवत असेल, एक स्टॉल धरला की पुढचे धरायला वेळ लागत नाही, ते ३ मीटर उगाच नाहीत. माझ्या दुसऱ्या सीझनला शेजाऱ्याने मधल्या बोळात रिकाम्या खोक्यांचा ढीग लावला होता, मीच जाऊन हलवला, भांडण झालं ते झालं.

पैशाचं म्हणाल तर स्टॉलला भांडवल कमी पण सगळा खेळ चार-पाच दिवसांचा, वसुबारसेला पाऊस आला की डोक्याला हात.

आणि उरलेला माल! हे कोणी विचारतच नाही. परवाना संपला की शिल्लक खोकी घरी पलंगाखाली ठेवायची नसतात, म्हणून होलसेलवाल्याशी आधीच बोलून ठेवा की भाऊबीजेनंतर परत घेणार का, त्याच्याकडे परवान्याचं गोडाऊन असतं. दुकानवाल्याला शिल्लक माल ठेवता येतो पण परवान्यात लिहिलंय तेवढाच, आणि मोह तिथेच होतो, शिवकाशीहून, जिथे फटाके बनतात तिथून, ट्रकभर माल स्वस्तात मिळतो म्हणून सगळा आत भरायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंगळुरूजवळ अत्तिबेलेला फटाक्यांच्या दुकान-गोडाऊनला आग लागली, डझनापेक्षा जास्त माणसं गेली.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं स्टॉलच करा, तोही होलसेलवाला माल परत घेणार असेल तरच. ज्यांचा रस्त्यालगत सुटा, वर काही नसलेला गाळा स्वतःचा आहे त्यांनी दुकानाचा विचार करावा, भाड्याचा घेऊन परवान्याच्या मागे लागू नका, कागद होईपर्यंत भाडंच खाऊन टाकतं. आणि अर्ज करायच्या आधी टेप घेऊन जागा मोजून या, दलाल सांगतो ते मीटर अन् खरे मीटर यात बराच फरक असतो.