एक लाख तीस हजारांचा फोन: वरच्या ८४ हजारांत मिळतं काय?

जानेवारी २०२४मध्ये भारतात दोन फोन जाहीर झाले. सॅमसंग गॅलक्सी एस२४ अल्ट्रा, १२ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज, १,२९,९९९ रुपये. वनप्लस १२आर, १६ जीबी रॅम आणि तेवढंच स्टोरेज, ४५,९९९ रुपये. बाजारात आले तेव्हाच्या या किमतींत फरक बरोबर ८४,००० रुपयांचा. महागडा फोन परवडतो का, यावर वाद घालण्यापेक्षा हे ८४ हजार कुठे जातात ते पाहिलेलं बरं.

रोजच्या कामात ते दिसत नाहीत. व्हॉट्सअॅप, यूपीआय, नकाशे, यूट्यूब, बँकेची अॅप्स दोन्हींवर सारखीच पळतात. अल्ट्रात स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ हा प्रोसेसर आहे, १२आरमध्ये आदल्या वर्षीचा ८ जेन २, आणि तो आजही भरपूर वेगवान आहे. सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा (१२० हर्ट्झ) आणि गरज नसेल तेव्हा तो वेग कमी करणारा एलटीपीओ अॅमोलेड पडदा दोघांनाही आहे. चार्जिंगमध्ये तर स्वस्त फोनच पुढे आहे. १२आरच्या खोक्यात १०० वॅटचा चार्जर येतो आणि कंपनीच्या दाव्यानुसार ५५०० एमएएचची बॅटरी २६ मिनिटांत भरते. अल्ट्राच्या खोक्यात चार्जर नाहीच. वेगळा घेताना फक्त '४५ वॅट' वाचून घेऊ नका. चार्जरला पीपीएस (गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलण्याची सोय) हवं आणि केबल ५ अँपिअरची हवी, नाहीतर फोन त्याहून मंद गतीने चार्ज होत राहतो.

खरा फरक कॅमेऱ्यात आहे, पण जाहिरातीत दाखवतात तिथे नाही. अल्ट्राच्या २०० मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवा. अल्ट्रा नेहमीच्या फोटोत सोळा पिक्सेल मिळून एक करतो, १२आर ५० मेगापिक्सेलमधून चाराचा एक. दोन्हीकडे हाती येतो तो साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो. सेन्सरचा आकार १/१.३ इंच विरुद्ध १/१.५६ इंच, म्हणजे अल्ट्राला सुमारे दीडपट क्षेत्रफळ. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारं ओआयएस दोन्हीकडे. भर दुपारी काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशाचा ते सांगणं अवघड जाईल.

झूम केलं की मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. अल्ट्राला ३ पट आणि ५ पट अशा लांबचं जवळ आणणाऱ्या दोन स्वतंत्र टेलिफोटो लेन्स आहेत. १२आरला एकही नाही. त्याने ५ पट झूम करायचं म्हणजे मुख्य कॅमेऱ्याच्या चित्राचा पंचविसावा भाग कापून घ्यायचा. ५० मेगापिक्सेलचे उरतात २. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून स्टेजवरच्या मुलीचा चेहरा टिपायचा असेल किंवा भिगवणला होडीतून रोहित पक्षी, तर हा फरक कुठलंही सॉफ्टवेअर भरून काढत नाही. रुंद दृश्य टिपणाऱ्या अल्ट्रावाइड कॅमेऱ्याचंही तसंच: अल्ट्रात १२ मेगापिक्सेल, १२आरमध्ये ८. १२आरचा तिसरा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा निव्वळ संख्या भरायला आहे, तो जमेस धरू नये. अल्ट्राचा एक दोष मात्र ठळक आहे. घरातल्या मंद उजेडात पळणारं मूल टिपताना चित्र हलतं. एवढ्या किमतीत हे खटकतं.

पडदा ही अल्ट्राची दुसरी जमेची बाजू. गोरिला आर्मर काचेमुळे प्रतिबिंब खूपच कमी पडतं, आणि उन्हात नकाशा पाहताना ते लगेच कळतं. पण दुकानातून बाहेर पडण्याआधीच त्यावर दोनशे रुपयांची टेम्पर्ड ग्लास चिकटवली जाते, आणि ज्या गुणासाठी पैसे मोजले तो तिथेच झाकला जातो. शिवाय बोटाचा ठसा अल्ट्रासॉनिक लहरींनी वाचला जातो, त्यामुळे जाड काचेखाली तो वारंवार चुकतो. लावायचीच तर पातळ फिल्म लावा.

पाणी-धुळीपासून संरक्षणाच्या मानकात अल्ट्रा आयपी६८ आहे (पाण्यात बुडाला तरी टिकणारा), १२आर आयपी६४ (शिंतोड्यांपुरता). पावसात स्कूटरवरून जाताना खिशात भिजण्यापुरतं आयपी६४ पुरतं. आयपी६८ची चाचणी गोड्या पाण्यात होते, त्यामुळे गणपतीपुळ्याच्या किंवा कलंगुटच्या समुद्रात फोन घेऊन उतरू नका. पाणी आत गेलं तर ते वॉरंटीत बसत नाही. दुरुस्तीसाठी फोन उघडला तर नवं सील बसवलं का, हे विचारून घ्या. ते नसेल तर आयपी६८ कागदावरच राहतं.

सॅमसंग अल्ट्राला सात वर्षं अपडेट देतं, 'म्हणून तो शेवटी स्वस्तच' हा युक्तिवाद गणितात टिकत नाही. १२आरला सुरक्षा अपडेट चार वर्षं आहेत: वर्षाला साधारण ११,५०० रुपये. अल्ट्रा सात वर्षं वापरला तरी वर्षाला १८,५७० पडतात, आणि मधे एकदा बॅटरी बदलावी लागेल ती वेगळी.

किमतीचंही थोडं उलगडून पाहू. १,२९,९९९मध्ये १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे १९,८३० रुपये. तो वगळला तर उरतात १,१०,१६९. अमेरिकेत याच फोनची करापूर्वीची किंमत १,२९९.९९ डॉलर होती, तेव्हाच्या दराने जवळपास १ लाख ८ हजार. वॉरंटीचा प्रश्न ओढवून घेऊन तिकडच्या नातेवाइकांकडून मागवण्यात फारसं काही वाचत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या आणि व्यवसायासाठी फोन घेणाऱ्याला मात्र बिलावर स्वतःचा क्रमांक घालून त्या कराचं क्रेडिट मिळू शकतं.

'नो कॉस्ट ईएमआय'ही नीट वाचा. बँक व्याज लावतेच, ते आधी सवलत म्हणून वजा दाखवतात. १५ टक्के दराने बारा हप्त्यांत व्याज साधारण दहा हजार होतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे १,८०० रुपये, तुमच्याच खिशातून जातो. प्रोसेसिंग फी वेगळी.

माझं मत स्पष्ट आहे. लांबचे फोटो आणि व्हिडिओ ज्यांच्या कामाचा भाग आहेत, किंवा ज्यांना अल्ट्रातल्या एस पेनने (पडद्यावर लिहायच्या पेनने) रोज लिहायचं आहे, त्यांनी अल्ट्रा घ्यावा. बाकीच्यांनी ८४ हजार वाचवावेत. आणि हौस असेलच, तर पहिल्या महिन्यात घेऊ नये. २०२५च्या सणासुदीच्या सेलमध्ये हाच एस२४ अल्ट्रा लाखाच्या बराच खाली आला होता. त्या भावात तो खरोखर चांगला सौदा आहे. फक्त अपडेटची सात वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, खरेदीच्या तारखेपासून नाही, एवढं ध्यानात ठेवा. फोन हातात आला की *#०६# डायल करून आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा १५ अंकी ओळख क्रमांक) खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. जुना घेत असाल तर इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून आयएमईआय, असा संदेश दूरसंचार विभागाच्या १४४२२ या क्रमांकाला पाठवा. काळ्या यादीतला किंवा बनावट क्रमांक असेल तर पैसे देण्याआधीच कळेल.